पत्ते पिसलेत, बसा : ‘वाइल्ड कार्ड्‌स’ कशी वाचायची

कुणी विचारलं, ‘सध्या काय वाचतेयस?’ की मी उशाशी असलेल्या दोन पुस्तकांपैकी वरच्याचं नाव सांगते. वरचं गंभीर असतं आणि त्याची जेमतेम वीस पानं उलटलेली असतात. खालचं संपत आलेलं असतं, पण त्याचं नाव सांगायला जीभ रेटत नाही. त्यात फोक्सवॅगनच्या सांगाड्यात बसून उडणारा एक माणूस आहे, झोपून उठला की दर वेळी वेगळाच होऊन उठणारा दुसरा आहे आणि न्यूयॉर्कच्या डोक्यावर फुटलेला परग्रहावरचा विषाणू आहे. ‘वाइल्ड कार्ड्‌स’ ही ती मालिका. १९८७ साली सुरू झाली, अजून चालू आहे. पुस्तकांनी तिशी केव्हाच ओलांडली आणि चाळीसहून जास्त लेखकांचे हात तिला लागले.

एवढ्या ढिगाऱ्यात शिरायचं कुठून, हा प्रश्न मला आता ओळखीतले लोक विचारायला लागलेत. तेही हळू आवाजात. म्हणून हे लिहून ठेवते.

आधी डाव समजून घ्या

सुरुवातीला पंधरा मिनिटं नियमांना द्या, पुढचे सगळे घोळ वाचतात. आपल्याला पत्त्यांची भाषा येते हा मोठाच फायदा आहे, कारण या जगाची सगळी परिभाषा पत्त्यांची आहे.

१५ सप्टेंबर १९४६. टॅकिस नावाच्या ग्रहावरच्या सरदार घराण्यांनी तयार केलेला एक विषाणू मॅनहॅटनवर सुटतो. त्यांना तो स्वतःवर वापरण्याआधी तपासून पाहायचा असतो, आणि पृथ्वीवरची माणसं जनुकांनी हुबेहूब त्यांच्यासारखी, म्हणून आपण त्यांचे उंदीर. लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वद मरतात. याला त्या जगात ‘काळी राणी आली’ असं म्हणतात. उरलेल्या दहातले नऊ विद्रूप होतात, कुणाला शिंगं, कुणाला शेपटी, कुणाची कातडी काचेसारखी आरपार. हे जोकर. शेवटचा जो एक उरतो त्याला काहीतरी शक्ती मिळते, तो एक्का. शक्ती मिळाली पण अगदीच फुटकळ, तर ती दुर्री. आणि ज्यांना विषाणू शिवलाच नाही, ते नॅट.

विषाणू रक्तातून पुढच्या पिढीत जातो आणि बहुतेकदा वयात येताना किंवा मोठ्या धक्क्यानंतर जागा होतो. त्या जगातले लोक म्हणतात, पान उलटलं. म्हणून १९४६चा स्फोट एकदाच झाला तरी २०२०मधल्या एखाद्या पोरीचं पान आज उलटू शकतं. आपण एक्का आहोत हे जगापासून लपवणारा म्हणजे ‘बाहीतला एक्का’. मला मात्र दर वेळी अस्तनीतला निखाराच आठवतो आणि गंमत म्हणजे पुष्कळदा अर्थही तोच निघतो.

हे गणित नीट पाहा. इतर सुपरहिरोंच्या जगात अपघात झाला की शक्ती मिळते. इथे अपघात झाला की बहुधा मरण मिळतं, नाहीतर आयुष्यभराची लाज. एकेका एक्क्यामागे नऊ जोकर आणि नव्वद प्रेतं आहेत, हे ही मालिका विसरू देत नाही. मॅनहॅटनमधल्या बावरी भागात जोकर लोकांची वस्ती उभी राहते, जोकरटाऊन. सगळ्या मालिकेचं काळीज तिथे आहे, उडणाऱ्या माणसांत नाही.

पहिलं पुस्तक, पण पहिल्या पानापासून सरळ नाही

पहिल्या खंडाचं नाव मालिकेचंच, ‘वाइल्ड कार्ड्‌स’. घेताना २०१०ची टॉर प्रकाशनाची आवृत्ती किंवा त्यानंतरची पाहून घ्या, तिच्यात तीन नव्या कथा घातल्या आहेत. मुखपृष्ठावर ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाला जॉर्ज आर. आर. मार्टिन हे नाव ठळक दिसेल. त्यावर जाऊ नका. तो इथे मुख्यतः संपादक आहे, जोडीला मेलिंडा स्नॉडग्रास. मार्टिनच्या लेखणीसाठी याल तर अधूनमधूनच भेट होईल.

या सगळ्याचा उगमही लाजिरवाणाच आहे, म्हणून मला आवडतो. १९८३मध्ये मार्टिनला वाढदिवसाला ‘सुपरवर्ल्ड’ नावाचा एक खेळ भेट मिळाला. टेबलाभोवती बसायचं, पात्रं घ्यायची आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. न्यू मेक्सिकोतली ही लेखकमंडळी त्यात इतकी रमली की लिखाण बाजूला पडलं. मग कुणीतरी हिशेब केला, की एवढा वेळ जातोच आहे तर यातून निदान पैसे तरी यावेत. वेळ वाया घालवल्याच्या अपराधी भावनेतूनच हे जग जन्मलं, तेव्हा वाचताना आपल्याला ती भावना आली तर ती वंशपरंपरागत समजायची.

आता पहिल्या खंडात काय वाचायचं. हॉवर्ड वॉल्ड्रॉपची सुरुवातीची कथा वाचाच, कारण स्फोट तिच्यात आहे. जेटबॉय हा महायुद्धातून परतलेला कोवळा वैमानिक, त्याच्याकडे शक्तीबिक्ती काही नाही, नुसतं विमान. तो विषाणू थांबवायला वर जातो आणि हरतो. मरताना त्याच्या तोंडी जगाला संदेश वगैरे नाही, एक सिनेमा पाहायचा राहिला याची हळहळ आहे. ही कथा जुन्या मासिकांच्या ढंगात मुद्दाम लिहिली आहे, थोडी तुटक वाटेल. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, हे असंच असेल तर राहू दे. तिथे पुस्तक मिटलं असतं तर फसले असते.

कारण लगेच पुढे रॉजर झेलाझ्नी या लेखकाचा स्लीपर येतो (त्याच्याकडे नंतर वळते), आणि मग वॉल्टर जॉन विल्यम्सची ‘विटनेस’. ती नेब्युला पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली होती. जॅक ब्रॉन, उर्फ गोल्डन बॉय. जगातला सगळ्यात बलवान माणूस, गोळी लागली तरी ओरखडा नाही. युद्धानंतर सरकारसाठी काम करणाऱ्या चार एक्क्यांपैकी एक. मग अमेरिकेत साम्यवाद्यांच्या शोधाची लाट येते, संसदेची चौकशी समिती बसते आणि या माणसाला खुर्चीवर बसवून मित्रांबद्दल विचारते. ज्याला रणगाडा हलवू शकत नाही तो एका टेबलामागच्या चार माणसांपुढे मोडतो. पुढे जग त्याला यहूदा एक्का म्हणतं, येशूला दगा देणाऱ्या यहूदावरून. गोष्ट तो स्वतः सांगतो, सफाई न देता.

इथे थांबू नका, त्याच बैठकीत पुढची ‘डिग्रेडेशन राइट्स’ वाचा. स्नॉडग्रासची. समिती तीच, काळ तोच, पण आता आपण डॉक्टर टॅकियॉनच्या बाजूने पाहतो. हा टॅकिसचाच राजपुत्र, विषाणू थांबवायला आलेला आणि उशीर झालेला, मखमली कपडे घालणारा, रडका, गर्विष्ठ. चार एक्क्यांपैकी ब्लाइद ही स्त्री दुसऱ्यांची मनं आपल्या डोक्यात साठवू शकते आणि त्या मनांत नावं आहेत. समितीला नावं हवी आहेत. टॅकियॉन तिच्यावर प्रेम करतो. तो त्या क्षणी काय करतो ते मी सांगत नाही. पण एकाच प्रसंगात दोन लेखकांनी दोन वेगळे अपराधी उभे केले आणि दोघेही पुढची चाळीस वर्षं ते ओझं वाहत एकमेकांच्या आजूबाजूला फिरत राहिले, ही गोष्ट एकट्या लेखकाच्या पुस्तकात अशी मिळत नाही. अनेकांनी मिळून एक जग लिहायचं ते यासाठी.

मग मार्टिनची ‘शेल गेम्स’. टॉम टडबरी न्यू जर्सीतल्या बेयॉनचा लाजाळू, गुबगुबीत पोरगा. नुसत्या मनाने तो वाट्टेल ते वजन उचलू शकतो, पण एका अटीवर, त्याला सुरक्षित वाटायला हवं. घाबरला की काही हलत नाही. म्हणून तो आणि त्याचा मित्र भंगारातल्या फोक्सवॅगन बीटलला लोखंडी पत्रे ठोकतात, आत टीव्हीचे पडदे, बाहेर कॅमेरे, आणि टॉम आत बसून स्वतःसकट ते सगळं धूड उचलतो. ग्रेट अँड पॉवरफुल टर्टल. बाहेर मालिकेतला सगळ्यात मोठा बाहुबली आणि आत टीव्हीसमोर बसलेला एकटा मुलगा. ही गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं नाही तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, पुढचं वाचू नका, खरंच.

बाकीच्या कथा नंतर वाचा किंवा सोडा.

तीन-तीनचे डाव

पुढचे खंड सलग घेण्याआधी रचना पाहून ठेवा. जुने खंड साधारण तीनच्या गटात बांधले आहेत. सुरुवातीच्या त्रयीत पहिले दोन कथासंग्रह आणि तिसरं पुस्तक ते मोझॅक म्हणतात तसं, म्हणजे प्रत्येक लेखक आपल्या पात्राचा धागा लिहितो आणि संपादक सगळे धागे कापून एकमेकांत विणतो.

याचा उत्तम नमुना तिसरा खंड, ‘जोकर्स वाइल्ड’. सगळं पुस्तक एका दिवसात घडतं, १५ सप्टेंबर १९८६, स्फोटाला चाळीस वर्षं झाली तो दिवस. प्रकरणांवर तास टाकले आहेत. शहरात मिरवणुका चालू आहेत, एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरच्या हॉटेलात एक्क्यांची मेजवानी आहे आणि कुणीतरी एकेका एक्क्याला मारत सुटलंय. सात लेखक, एक घड्याळ. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करा आणि जेवायला उठू नका.

दुसरा खंड, ‘एसेस हाय’, मला अर्धाच आवडतो. अंतराळातून येणारं झुंडीचं संकट जरा जास्तच अंतराळातलं आहे. पण तिसऱ्यातले खलनायक तिथे तयार होतात, तेव्हा निदान चाळा. चौथा म्हणजे जगप्रवास, विमानात कोंबलेले एक्के, जोकर, राजकारणी आणि पत्रकार. मी त्यात दोन वर्षं अडकून पडले होते. ‘हा संपल्याशिवाय पुढचा नाही’ असा शाळेतला नियम स्वतःला लावला होता म्हणून. तो नियम मोडला त्या रात्री सहावा खंड सुरू केला.

सहावा आणि सातवा ही जोडी आहे, ‘एस इन द होल’ आणि ‘डेड मॅन्स हँड’. दोन्ही जुलै १९८८च्या त्याच आठवड्यात घडतात. एक अटलांटातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, दुसरा न्यूयॉर्कमधल्या एका खुनाच्या तपासात. मी दोन्ही शेजारी ठेवून, वार जुळवत वाचले. वेडेपणा वाटतो, पण मजा येते. फक्त खून कुणाचा ते आधी कळू देऊ नका. म्हणजेच सातव्याच्या पाठीवरचा मजकूर वाचू नका.

एक माणूस धरा

तिसऱ्या खंडानंतर पात्रं शेकड्यांनी होतात. सगळी लक्षात ठेवायचा प्रयत्न केलात तर पुस्तक नव्हे, हजेरीपट होईल. माझा उपाय असा की एक माणूस धरायचा आणि तो जिथे जाईल तिथे जायचं. नवख्यांनी क्रॉइड क्रेन्सनला, म्हणजे झेलाझ्नीच्या त्या स्लीपरला धरावं.

१९४६च्या त्या दुपारी क्रॉइड चौदा वर्षांचा आहे, शाळेतून घरी चाललाय. घरी येऊन झोपतो आणि कित्येक दिवसांनी उठतो तेव्हा त्याचं शरीर वेगळं असतं. पुन्हा झोपतो, पुन्हा वेगळं. कधी एक्का, कधी जोकर, कधी दोन्ही एकदम. दर झोपेला पत्ते नव्याने पिसले जातात आणि गड्डीत काळी राणी आहेच. म्हणजे हा माणूस प्रत्येक झोपेला मरायची शक्यता घेऊन आडवा होतो. मग तो झोपेलाच घाबरतो. जागं राहायला गोळ्या घेतो, आठवडा लोटला की संशयी होतो, आणखी दोन दिवसांनी धोकादायक. मित्रांनी त्याच्या पापण्यांकडे पाहून अंतर ठेवायचं असतं. शाळा सुटली ती सुटलीच, बीजगणित कधी शिकला नाही, आणि ही सल त्याला पुढे दरोडे घालतानाही टोचत राहते.

पुढे लेखकांनी त्याची एक झोप अशी वापरली की सगळं शहर हादरलं. हे पाचव्या खंडात येतं.

रॉजर झेलाझ्नी १९९५मध्ये गेला, पण क्रॉइड राहिला. दुसऱ्या लेखकांनी त्याला पुढे चालवलं, अगदी २०२४च्या ‘स्लीपर स्ट्रॅडल’पर्यंत, जे पुस्तकच त्याच्याभोवती आहे. क्रॉइड दर वेळी बदलतो, त्यामुळे लेखक बदलला तरी खटकत नाही. दुसऱ्याचं पात्र वापरायचं तर मूळ लेखकाची परवानगी लागते अशी या मंडळींची शिस्त आहे, त्यामुळे पात्रं सहसा परक्या घरी गेल्यासारखी वागत नाहीत. सहसा, म्हणाले मी.

जाता जाता एक किस्सा. १९८७मध्ये नील गेमन नावाचा एक तरुण इंग्रज स्वप्नांच्या दुनियेत राहणाऱ्या पात्राची कल्पना घेऊन मार्टिनकडे आला होता. मार्टिनने ती नाकारली. त्या कल्पनेतून पुढे दुसरीकडे काय झालं ते कॉमिक्सवाल्यांना विचारा. मार्टिन स्वतः हे हसत सांगतो.

लाज कशाची आणि कशाची नाही

दोन लाजा वेगळ्या करायला मला उशीर लागला.

पहिली लाज उडणाऱ्या कासवाची. ही फेकून द्या. चौकशी समितीपुढे मोडलेला बलवान माणूस कुठल्याही ‘गंभीर’ कादंबरीत शोभला असता, फरक इतकाच की तिथे त्याला गोळी लागली असती.

दुसरी लाज खरी आहे आणि ती जपून ठेवावी. जुन्या खंडांतलं लैंगिक लिखाण पुष्कळदा बाजारू आहे. फॉर्च्युनॅटो हा एक्का तांत्रिक संभोगातून शक्ती मिळवतो आणि धंदा बायका पुरवण्याचा. सुरुवातीला हे धाडसी वाटलं असेल, आज वाचताना त्यातल्या बायका कागदी दिसतात. पपेटमॅन या खलनायकाचा धागा दुसऱ्यांच्या वेदनेवर पोसलेला आहे, तो प्रभावी आहे पण अंगावर येतो. आणि आठव्यापासून अकराव्यापर्यंतच्या खंडांत, दुसऱ्यांच्या शरीरात उडी मारणाऱ्या टोळीच्या गोष्टीत, बलात्कार आणि छळ असा आहे की मी तिसऱ्यांदा ते वाचायला घेतलं आणि बंद केलं. तुम्ही नवे असाल तर हे खंड सरळ ओलांडा. पुढे कुणी संदर्भ दिला तर एक परिच्छेद सारांश पुरतो. आपण ही मालिका चवीने वाचतो म्हणून तिच्यातलं सगळं पचवलंच पाहिजे असं नाही, आणि चवीने वाचणारी मी या भागाची वकिली करणार नाही.

थोडी कामाची सामग्री

पुस्तकात एक कार्ड ठेवा आणि त्यावर नुसती नावं नकोत, नावापुढे खूण करा. एक्का असेल तर बदाम, जोकर असेल तर फुली, ‘बाहीतला’ असेल तर नाव कंसात. चौथ्या खंडाला माझं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं. वय पण टाका, कारण इथली माणसं म्हातारी होतात. १९६३मधला टॉम पोरगा असतो आणि १९८६मध्ये चाळिशीचा, केस विरळ झालेला. कॉमिक्समध्ये पन्नास वर्षं तिशीतच राहणारे नायक पाहिलेल्यांना हा मोठा धक्का असतो.

जुनं सगळं नकोच वाटत असेल तर २००८चं ‘इनसाइड स्ट्रेट’ घ्या. प्रकाशकांच्या अदलाबदलीनंतर आणि मोठ्या विरामांनंतर मालिका तिथे नव्या पिढीसह पुन्हा सुरू झाली. टीव्हीवर एक्क्यांचा रिअॅलिटी शो चालू आहे आणि दुसरीकडे इजिप्तमध्ये जोकरांची कत्तल. स्पर्धेतून बाद झालेले काही जण तिकडे जातात. जुनं काही माहीत नसलं तरी चालतं. पोलिसांच्या गोष्टी आवडणाऱ्यांनी २०११चं ‘फोर्ट फ्रीक’ उचलावं, जोकरटाऊनच्या पाचव्या पोलीस ठाण्यावरचं. ब्रिटनमध्ये हेच सगळं कसं घडलं असतं याची उत्सुकता असेल तर २०१८चं ‘नेव्ह्ज ओव्हर क्वीन्स’.

आणि पैसे घालण्याआधी चव पाहायची तर टॉर डॉट कॉमने, ज्याचं नाव आता रिअॅक्टर आहे, या जगातल्या बऱ्याच सुट्या कथा फुकट वाचायला ठेवल्या होत्या. त्यातली डॅनियल एब्राहमची ‘व्हेन वी वेअर हीरोज’ चांगली आहे. नुसतं नाव टाकून शोधा.

मी मावसभावाला पहिला खंड दिला तेव्हा हे सगळं असंच समजावलं होतं, कार्डसकट. आठवड्याने पुस्तक परत आलं. कार्ड कोरं होतं, ‘विटनेस’पाशी पान दुमडलेलं.

‘ताई, तिसरा दे.’

‘आधी दुसरा वाच. अर्धा तरी.’

‘त्यात कासव आहे का?’

‘आहे.’

‘आणि तिसऱ्यात?’

‘त्यातही आहे.’

तो तिसराच घेऊन गेला.